बांगलादेश, पाकिस्तान आणि आपल्या शाळांचा पट

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की आपल्या गोव्यात कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळा बंद करायच्या की शेजारच्या शाळेत विलीन करायच्या यावर चर्चा सुरू होते, तुमच्या पेपरातही त्यावर पत्रं येतात आणि मी ती सगळी वाचते. बहुतेकांचा जोर मीडियमवर असतो, मराठी, कोकणी की इंग्लिश. तो विषय महत्त्वाचा आहेच, मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलंय त्यामुळे माझं मत काय ते वेगळं सांगायला नको, पण आज मला दुसरंच बोलायचंय. पट म्हणजे नेमकं काय, तो कोण कसा मोजतो, आणि घरात बसलेलं पोर शाळेत यायला खरोखर काय कामाला येतं हे समजून घ्यायचं असेल तर आपल्या शेजारचे दोन देश शेजारी शेजारी ठेवून बघावेत असं मला फार वाटतं. बांगलादेश आणि पाकिस्तान.

आता काही जण म्हणतील गोव्याची त्यांच्याशी बरोबरी कशाला, आपली साक्षरता 2011 च्या जनगणनेतच 88.70 टक्के होती, भाऊसाहेब बांदोडकरांनी मुक्तीनंतर गावोगाव शाळा काढल्या, वाड्यावाड्यावर मास्तर पोचवला. खरंय, त्याच शाळांमुळे माझ्यासारख्या कितीतरी बायका शिकल्या आणि नोकरीला लागल्या. पण आपण पुढे आहोत म्हणून बघायचंच नाही असं कुठे असतं का. उलट जिथे सगळं अवघड होतं तिथे काय चाललं आणि काय नाही चाललं हे जास्त स्पष्ट दिसतं.

हे दोन देश 1971 पर्यंत एकच होते हे आपण विसरतो. कायदे तेच, सरकार तेच. फाळणी झाली तेव्हा प्राथमिक शाळा पूर्वेकडेच जास्त होत्या, पुढच्या वीस-बावीस वर्षांत पश्चिमेकडच्या शाळा कितीतरी पटींनी वाढल्या आणि पूर्वेकडच्या वाढल्याच नाहीत. म्हणजे वेगळे झाले तेव्हा बांगलादेश मागे होता, वर लढाई, त्याच्या आधीचं ते भयंकर चक्रीवादळ, मग 1974 चा दुष्काळ. अशा देशाने 1973 मध्ये छत्तीस हजारांवर प्राथमिक शाळा सरकारकडे घेतल्या, शिक्षकांचे पगार सरकार देणार म्हणून सांगितलं, आणि 1990 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा केला. त्या वेळी तिथे प्राथमिकच्या वयाची साधारण साठ टक्के मुलं शाळेत होती. 2014-15 पर्यंत तो आकडा 97-98 वर गेला, आणि मुली मुलांच्या बरोबरीला आल्या, नुसत्या बरोबरीलाच नाही तर पुढे गेल्या. पाकिस्तानात त्याच 2014-15 मध्ये त्यांच्या स्वतःच्या सरकारी सर्व्हेत पाच ते नऊ वयाची 57 टक्के मुलं प्राथमिक शाळेत होती. एका घरातून निघालेले दोन देश आणि चाळीस टक्क्यांचा फरक.

पैशाने हे झालं असेल म्हणावं तर तसंही नाही. शिक्षणावर दोन्ही देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन-अडीच टक्क्यांच्या आसपासच खर्च करत आलेत, बांगलादेश तर कधी कधी पाकिस्तानपेक्षाही कमी.

पण थांबा, आकडे वाचताना एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर माणूस फसतो. त्याच पाकिस्तानी सर्व्हेत 57 च्या बरोबर आणखी एक आकडा आहे, 91. दोन्ही खरे आहेत. 91 हा ढोबळ दर, म्हणजे प्राथमिक वर्गात जेवढी मुलं बसलीत, मग ती सहा वर्षांची असोत की तेरा वर्षांची, नापास होऊन पुन्हा बसलेली असोत की उशिरा आलेली, ती सगळी मोजायची आणि त्याला गावातल्या पाच ते नऊ वयाच्या मुलांच्या संख्येने भागायचं. 57 हा निव्वळ दर, त्यात फक्त योग्य वयाची मुलं मोजतात. म्हणून ढोबळ दर शंभराच्या वरही जाऊ शकतो आणि तरी गावात दहा पोरं बकऱ्या राखत फिरत असू शकतात. कोणी पुढारी भाषणात आमचा प्रवेशदर शंभर टक्क्यांच्या वर आहे म्हणाला की टाळ्या वाजवण्याआधी विचारायचं, कुठला दर साहेब, ढोबळ की निव्वळ? या दोन आकड्यांत जेवढं अंतर जास्त तेवढी मुलं उशिरा येतायत किंवा अडकून पडलीयत असं समजायचं, आणि उशिरा आलेलं मूल लवकर सुटतं हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा.

दुसरी भानगड खालच्या आकड्याची, ज्याने भागायचं त्याची. गावात त्या वयाची मुलं एकूण किती हे जनगणनेतून येतं. पाकिस्तानात 1998 नंतर थेट 2017 मध्ये जनगणना झाली, मधली एकोणीस वर्षं सगळे दर अंदाजावर. बांगलादेशाने 1991, 2001, 2011 आणि एक वर्ष उशिरा का होईना 2022 मध्ये केली. आणि आपण? आपली शेवटची 2011 ची. 2021 ची राहिली ती राहिलीच. त्यानंतर गोव्यात किती माणसं आली, किती घरं उभी राहिली, चिंबलपासून झुआरीनगरपर्यंत वस्त्या कशा वाढल्या हे आपण रोज डोळ्यांनी बघतो, पण मुलांची टक्केवारी काढताना खाली जो आकडा ठेवला जातो त्यात ही पोरं कितपत असतील? मला ही शंका फार दिवसांपासून आहे.

मी डिचोली तालुक्यात खाणपट्ट्यात शिकवत होते तेव्हा वर्गात ट्रकवर, प्लांटवर, बांधकामावर काम करणाऱ्यांची मुलं बरीच असायची, उत्तर कर्नाटकातली जास्त. तिसरीत एक मुलगी होती, अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ, मराठी तर आमच्या वाड्यावरच्या मुलांपेक्षा स्वच्छ बोलायची. उगादीच्या आधी आईवडिलांबरोबर गावी जायची आणि चवथ आटोपल्यावर कधीतरी परत यायची. मधल्या काळात हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज गैरहजर. नाव काढून टाकलं तर ती परत आल्यावर दाखल्याचा घोळ, म्हणून नाव ठेवायचं. एकदा तिचे वडील सहज बोलता बोलता म्हणाले की गावातल्या शाळेतही आजीने नाव घातलंय, तिकडे पुस्तकं आणि जेवण मिळतं म्हणून. म्हणजे एकच पोर, कर्नाटकाच्या पटावर एक आणि गोव्याच्या पटावर एक, दिल्लीला दोन मुली शिकतायत असा हिशेब गेला, आणि प्रत्यक्षात वर्षातले कितीतरी महिने ती दोन्हीकडे नव्हती, धाकट्या भावाला सांभाळत कुठल्यातरी साइटवर बसलेली होती. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तर अशी कितीतरी कुटुंबं एका रात्रीत निघून गेली आणि नावं मागे राहिली.

हे फक्त आमच्याच तालुक्यातलं नाही. महाराष्ट्रात 2011 च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली तेव्हा किती शाळांमध्ये पटावरची मुलं प्रत्यक्षात नव्हतीच हे सगळ्यांनी वाचलंय. यूडायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेत, 2022-23 पासून एकेका मुलाची वेगळी नोंद सुरू झाली आणि देशाचा एकूण पट एक कोटीहून जास्त खाली आला. मुलं कुठे गेली नाहीत, त्यातली बरीच आधी दोनदा मोजली जात होती. तेव्हा ही नवी पद्धत चांगलीच आहे, फक्त त्यात ज्याच्याकडे आधार नाही, जन्मदाखला नाही, असं पोर दोनदाच्या ऐवजी शून्यदा मोजलं जाऊ नये एवढीच काळजी वाटते. बांगलादेशातही हे आहेच, 2017 मध्ये आलेल्या सात लाखांवर रोहिंग्यांची मुलं कॅम्पातल्या केंद्रांत शिकतात, देशाच्या नेहमीच्या शाळेत नाहीत, म्हणजे त्या देशाच्या प्रवेशदराच्या हिशेबात ती बसत नाहीत. आकड्यात कोण धरलं आणि कोण सोडलं हे सगळीकडेच विचारावं लागतं.

बरं, आता मुद्द्याचं, तिकडे काय चाललं. 1993 मध्ये बांगलादेशाने गरीब भागांत मूल शाळेत पाठवलं तर घराला महिन्याला पंधरा किलो गहू द्यायला सुरुवात केली, दोन किंवा जास्त मुलं असली तर वीस किलो, अट एकच, हजेरी 85 टक्के हवी. बघा, नाव घालण्यासाठी गहू नाही, येऊन बसण्यासाठी गहू. पुढे 2002 पासून गव्हाच्या जागी रोख स्टायपेंड आला, शंभर टका, रक्कम छोटीच, पण ती आईच्या हातात देण्यावर भर होता, नंतर तर थेट आईच्या मोबाइलवर. 1994 मध्ये गावांतल्या मुलींसाठी माध्यमिकचा स्टायपेंड सुरू झाला, त्यात हजेरी 75 टक्के, मार्क 45 टक्के आणि तिसरी अट म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंत लग्न करायचं नाही. मुलगी प्राथमिक शिकून पुढे हायस्कुलात जाऊ शकते हे दिसल्यावर बाप तिला पहिलीत घालायलाही तयार झाला. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पोरीचं नाव पहिलीत पडतं ते सहावीचा रस्ता उघडा दिसला की.

आणि बाई शिक्षक. तिथे सरकारी प्राथमिक शिक्षकांच्या जागांपैकी 60 टक्के जागा कितीतरी वर्षं बायकांसाठी राखीव होत्या. सरकारच्या बाहेर ब्रॅक नावाच्या संस्थेने 1985 मध्ये बावीस शाळा काढल्या, त्या पुढे हजारोंनी वाढल्या. शाळा म्हणजे भाड्याची एक खोली, पत्र्याची नाहीतर बांबूची, तीसेक मुलं, त्यात मुली जास्त, आणि शिकवणारी त्याच गावातली सून, दहावीपर्यंत शिकलेली. वेळ आईबापांना विचारून ठरवायची, कापणीच्या दिवसांत बदलायची. खोली घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. ज्या घरात मुलीला रस्ता ओलांडून पाठवायला भीती त्या घराच्या दारातच शाळा नेली आणि तिथे ओळखीची बाई बसवली, मग नाही म्हणायला जागा कुठे राहिली.

पाकिस्तानात नेमकं हेच झालं नाही. कायदा आहे, 2010 मध्ये घटनेत 25-अ कलम घातलं, पाच ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं शाळेबाहेरच्या मुलांचा आकडा सव्वादोन कोटींच्या वरच राहिला आणि 2024 च्या मे महिन्यात पंतप्रधानांना शिक्षण आणीबाणी जाहीर करावी लागली. मलालाला 2012 मध्ये गोळी घातली ते जगाने बघितलं आणि आपल्याला वाटतं की सगळा दोष बंदुकीचाच. बंदूक आहेच, पण बहुतेक मुली त्याच्या आधीच सुटतात, शाळा लांब, वाटेत वस्ती नाही, गेलंच तर संडास नाही, बाई शिक्षक नाही आणि पुरुष मास्तरापुढे मोठी मुलगी बसवायला घर तयार नाही. बलुचिस्तान, सिंधचा ग्रामीण भाग इथे तर कागदावर असलेल्या आणि प्रत्यक्षात कुलूप लागलेल्या किंवा गुरं बांधलेल्या शाळा ही जुनी तक्रार आहे, तिथले लोक त्यांना भूत शाळा म्हणतात, इमारत दाखवलेली, शिक्षकाचा पगार चालू, वर्ग नाही. पण त्याच देशातली एक चांगली गोष्टही सांगते. पंजाब प्रांतातल्या ज्या गावांत आधी सरकारी मुलींचं हायस्कूल निघालं होतं, तिथे काही वर्षांनी कमी फीच्या खाजगी प्राथमिक शाळा जास्त निघाल्या असं अभ्यासकांना दिसलं, कारण तिथे शिकवायला गावातल्याच शिकलेल्या मुली होत्या. म्हणजे ब्रॅकने जे ठरवून केलं तेच इथे आपोआप झालं, जिथे गावातली बाई शिकली तिथे पुढची पिढी बाकावर आली.

बांगलादेशात सगळं छान झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये. बहुतेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालत आल्या, लहान वर्गांना दिवसाला तीन तासही पुरते मिळत नाहीत. 2010 मध्ये पहिलीत आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलं पाचवी पूर्ण करत नव्हती, 2019 पर्यंत ते अठराच्या आसपास आलं, म्हणजे सुधारलं, पण 98 टक्के प्रवेश हा आकडा एकटा वाचला तर हे दिसतच नाही. कोरोनात मार्च 2020 ला बंद झालेल्या शाळा 12 सप्टेंबर 2021 ला उघडल्या, जगातल्या सगळ्यात लांब बंदपैकी एक, त्या काळात किती मुली लग्न होऊन गेल्या असतील. नाव घालणं ही पहिली पायरी, ती त्यांनी चढली, शिकणं बाकी आहे आणि ते आपल्याकडेही बाकी आहे.

आता परत आपल्या गावात येते. शाळा ठेवायची की नाही हे आपण पटावरून ठरवतो. पट का घसरला हे कोण विचारतं? सरकारच्या बालरथ योजनेतल्या बसगाड्या अनुदानित शाळांना मिळाल्या, गाडी दारात येऊन पोराला उचलते, शेजारच्या सरकारी शाळेत मात्र चालत जायचं. मग नोकरी करणारी आई गाडीवाली शाळाच घेणार, तिला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे. गाववाल्यांची मुलं अशी गेल्यावर सरकारी शाळेत उरतात ती बहुतेक भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांची. त्यांचा पट जून महिन्यात कमी दिसतो कारण ती गावाहून आलेलीच नसतात, दिवाळीनंतर तो वाढतो, आणि निर्णय होतो जूनच्या आकड्यावर. शाळा दोन किलोमीटर पुढच्या शाळेत विलीन झाली की गाववाल्याला फरक पडत नाही, तो आधीच गेलाय. फरक पडतो सकाळी सात वाजता कामावर निघणाऱ्या त्या बाईला, जिच्याकडे गाडी नाही आणि सहा वर्षांच्या पोरीला हमरस्त्यावरून एकटी पाठवायची हिंमत नाही. माध्यान्ह आहाराची भाजी-पाव तिच्यासाठी खरंच मोठी गोष्ट असते, स्वयंसाहाय्य गटाच्या बायका डबे घेऊन आल्या की वर्गाचा चेहरा कसा बदलतो ते मी रोज बघितलंय, पण तो पाव खायला पोर शाळेपर्यंत पोचायला तर हवं.

शिक्षण हक्क कायद्यात, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, कलम 9 मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे स्थानिक प्राधिकरणाने बघायचं. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 15 प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावर आलं म्हणूनही नाकारता येत नाही. तरीही दाखला आणा, आधार आणा म्हणून परत पाठवलेली पोरं मला अजूनही बाजारात भेटतात. त्यांच्या आया मला ओळखतात म्हणून सांगतात, नाहीतर कोणाला सांगणार.

म्हणून शाळा विलीन करायच्या आधी त्या गावातल्या भाड्याच्या खोल्या आणि बांधकामाच्या साइट यांची घरोघर मोजणी व्हावी, पंचायत, अंगणवाडी ताई आणि शाळेची शिक्षिका अशा तिघींनी मिळून, आणि ती जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा. विलीन करायचीच असेल तर त्या मुलांना गाडी त्याच दिवसापासून द्यावी, अर्ज-फायली नंतर. जिथे कानडी किंवा हिंदी बोलणारी मुलं जास्त आहेत तिथे त्यांच्याच वस्तीतली शिकलेली एखादी बाई मदतनीस म्हणून घ्यावी, ती आईशी बोलू शकते, पोर दोन दिवस आलं नाही तर खोलीवर जाऊन बघू शकते. खर्च फार नाही, बांगलादेशाला परवडलं ते गोव्याला परवडायला काहीच हरकत नाही.

आणि तुमच्याकडे एक विनंती आहे. जूनमध्ये तुम्ही तालुकावार पटाचे आकडे छापता, ते छापाच, पण फेब्रुवारीत तुमच्या वार्ताहरांना प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच सरकारी प्राथमिक शाळांत एका साध्या मंगळवारी पाठवा, हजेरीपटावर किती नावं आहेत, वर्गात किती डोकी आहेत आणि जवळच्या साइटवर शाळेच्या वेळेत किती पोरं खेळतायत हे तिन्ही मोजून एकाच बातमीत छापा. डिचोलीत यायचं असेल तर मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरायला तयार आहे, वस्त्या मला माहीत आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डिचोली